वय वर्षे तीन व त्यापुढील

लहान मुलांसाठी बनवलेल्या सुरक्षित कात्रीने कागद कापला जात नाही. तो दोन पात्यांच्या मधे जाऊन आडवा झोपतो, आणि फारच जोर लावला तर कडेने फाटतो. केस मात्र तिने सुरेख कापले जातात. स्वतःच्या कपाळावरचे, धाकट्या बहिणीच्या वेणीतले, बाहुलीचे, दुपारी डोळा लागलेल्या आजोबांच्या मिशीतले. पडद्याची झालर, आईच्या नव्या ओढणीचा गोंडा याही गोष्टी ती हूं की चूं न करता कापते. कागदांपैकी तिला आजवर एकच जमला आहे, तो म्हणजे भरायचं राहिलेलं लाइट बिल.

शिवाय ही कात्री ज्या वेष्टनात येते ते उघडायला असुरक्षित कात्री लागते. मागे पुठ्ठा, पुढे जाड पारदर्शक प्लास्टिक आणि कोपऱ्यात एक बाण : ‘येथून उघडा’. (तिथून उघडलेलं मी कोणाच्याही घरी पाहिलेलं नाही.) आधी नख, मग दात, मग स्कूटरची किल्ली आणि शेवटी ओट्यावरची सुरी, अशा पायऱ्या मी चढत गेलो. सुरी प्लास्टिकवरून घसरली आणि माझ्या अंगठ्यात शिरली. रक्ताचा पहिला थेंब पडला तो बरोब्बर ‘बोटांसाठी संपूर्ण सुरक्षित’ या अक्षरांवर.

१ जानेवारी २०२१ पासून आपल्याकडे चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआयची खूण सक्तीची झाली, ते फार बरं झालं. कडा बोचतात का, तुकडे सुटून घशात जातील का, रंगात विषारी काही आहे का, हे सगळं आता तपासलं जातं. पण तपासणी होते ती खेळण्याची. ते उघडणाऱ्या बापाची होत नाही.

ज्याच्या बोटांसाठी हा सगळा जीव टांगणीला लागलेला असतो, ते आमचे चिरंजीव पाचवीत आहेत. त्यांच्या दप्तरात कंपासपेटी असते आणि कंपासपेटीत कर्कटक असतं. दोन पाय, दोन्ही पायांना सुया. भूमितीत त्याचं नेमकं काय काम असतं हे मला दहावी होईपर्यंत उमगलं नाही. आमच्या वर्गात ते बाकावर नावं कोरायला वापरत. हे हत्यार घेऊन मूल रोज शाळेच्या बसमध्ये चढतं, खिडकीसाठी भांडतं, उतरतं, पण पालकसभेत त्याबद्दल कोणी हात वर करत नाही, कारण ते अभ्यासाचं आहे. अभ्यासाच्या वस्तूने इजा होत नाही अशी आपली पिढीजात समजूत आहे. त्याच मुलाने घरी खोका कापायला सुरी मागितली की आपल्या पोटात गोळा येतो.

आमच्याकडे सुरी मागितली गेली ती किल्ल्यासाठी. दिवाळीत पोरांनी किल्ला करायचा हा महाराष्ट्रातला रिवाज. त्याला लागतात विटा, दगड, जुनं पोतं, लाल माती, वर पेरायला हळीव, आणि कपडे मळले तरी न ओरडणारी आई. यंदा सोसायटीच्या सेक्रेटरींनी दसऱ्यालाच फळ्यावर सूचना लावली : पार्किंगमध्ये मातीचे किल्ले करू नयेत, गटारं तुंबतात. मात्र मुलांच्या कलागुणांना वाव मिळावा म्हणून पुठ्ठ्याच्या किल्ल्यांची स्पर्धा घेण्यात येईल. त्याखाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं : ‘किल्ला मुलांनी स्वतः केलेला असावा.’

ही ओळ वाचल्याबरोबर सोसायटीतले झाडून सगळे बाप कामाला लागले.

मी चाकणचा संग्रामदुर्ग सुचवला. भुईकोट आहे, सपाट आहे, एका खोक्यात बसतो. पण उन्हाळ्यात आम्ही राजगड चढलो होतो (म्हणजे चिरंजीव चढले होते, मी पद्मावती माचीवर सावली धरून सामान सांभाळत होतो), आणि सुवेळा माचीवरचं नेढं त्यांच्या मनात भरलं होतं. कातळाला आरपार पडलेलं ते प्रचंड भोक. तीन माच्या, मधे बालेकिल्ला, आणि संजीवनी माचीला तर दुहेरी तटबंदी.

‘दुहेरी म्हणजे सगळं दोनदा कापायचं,’ मी म्हणालो.

‘हो बाबा. म्हणून तर सुरी दे.’

आता, आमच्या घरात वस्तू त्यांच्या धोक्यानुसार चढत्या क्रमाने ठेवलेल्या आहेत. साधी कात्री फ्रिजवर, कटर कपाटावर, ग्लू गन माळ्यावर. ही व्यवस्था मूल रांगत होतं तेव्हाची. मूल रांगायचं थांबून गिअरची सायकल चालवायला लागलं, पण वस्तू खाली उतरल्या नाहीत. त्यामुळे मुलापासून सुरक्षित ठेवलेली वस्तू काढायला बापाला स्टुलावर चढावं लागतं, आणि आमच्या स्टुलाचा एक पाय आखूड आहे. कटर काढताना मला कटर लागलं नाही. मी पडलो. कटर कपाटावर जिथल्या तिथे सुरक्षित होतं.

खरं म्हणजे या कटरच्या जन्माची कथा मोठी गोड आहे. पातं बोथट झालं की तेवढाच तुकडा मोडून टाकावा आणि पुढचं धारदार टोक वापरावं, ही कल्पना १९५६ साली ओसाकाच्या योशिओ ओकादा यांना सुचली, ती काचेच्या तुटक्या कडांवरून आणि चॉकलेटच्या वड्यांवरून. कंबर शेकता शेकता मी ही हकिगत चिरंजीवांना सांगितली. हत्याराविषयी त्यांच्या मनात आदर उत्पन्न व्हावा हा हेतू. त्यांना चॉकलेट हवं झालं.

बायको एका कारखान्यात सुरक्षा विभागात आहे. घरी आल्यावरही तिची ड्युटी संपत नाही. ती चप्पल काढण्याआधी गॅसची नळी बघते. तिने निकाल दिला : ‘कटर त्याच्या हातात द्यायचं नाही. तुझ्या तर नाहीच नाही. मुलांसाठी सुरक्षित हत्यारं मिळतात, ती मागव.’

मागवली. पुठ्ठा कापायची प्लास्टिकची करवत, पुठ्ठ्यात पिळायचे प्लास्टिकचे स्क्रू, ते पिळायचा बुटका स्क्रूड्रायव्हर, टोक नसलेला टोच्या, कापला न जाणाऱ्या धाग्याचे हातमोजे, कमी तापणारी ग्लू गन आणि कापताना खाली अंथरायची रेघारेघांची हिरवी चटई. प्रत्येक वस्तू वेगळ्या दिवशी आली आणि प्रत्येक वस्तू स्वतःहून दसपट मोठ्या खोक्यात आली. स्क्रूंची पुडी ज्या खोक्यातून आली त्यात मिक्सर मावला असता. त्यामुळे पुठ्ठा आणायचा कुठून हा प्रश्न परस्पर सुटला. तोवर मी कोपऱ्यावरच्या वाण्याकडे बिस्किटांचे रिकामे खोके मागत होतो आणि तो ‘साहेब, रद्दीवाला याचे पैसे देतो हो’ असं म्हणून मला अर्धा शेर साखर घ्यायला लावत होता.

सगळ्या वस्तूंवर एकच मजकूर : ‘वय वर्षे तीन व त्यापुढील.’ त्यापुढील म्हणजे कुठवर, हे कोणीच लिहीत नाही. आमच्या घरचा अनुभव असा की पस्तिशीनंतर धोका वाढतो.

ती पिवळी करवत मला व्यक्तिशः फार आवडली. तिचे दात इतके सुस्वभावी की हातावर घासली तर नुसती गुदगुली होते. मग ती पुठ्ठा कशी कापते? कापत नाही; पुढेमागे, पुढेमागे करून त्याचा अंत बघते. शेवटी पुठ्ठाच कंटाळून सोडून देतो. एक वीत कापायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात माझ्या आईचा अख्खा लाल भोपळा चिरून, फोडणीला पडून, वर गुळाचा खडाही पडलेला असतो. आवाज असा की खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या.

‘तुमच्याकडे उंदीर झालेत का हो? आमच्याकडे औषध आहे.’

‘नाही, किल्ला चाललाय.’

‘असं होय. मग राहू दे औषध इथेच.’

या करवतीतून जो बारीक भुसा निघतो तो घरभर बसला. देवघरात, पुस्तकांवर, आणि चिवडा गार करायला पसरलेल्या कागदावर. त्या चिवड्याची वसुबारसेला आलेल्या मामींनी ‘यंदा काहीतरी वेगळं घातलंय, छान खमंग लागतोय’ अशी तारीफ केली आणि डबा भरून नेला.

करवतीच्या आवाजाने ओढले गेले ते चौथ्या मजल्यावरचे काका. काका निवृत्त अभियंते आहेत. दुसऱ्याच्या घरात काहीतरी कापलं जातंय आणि आपल्याला विचारलेलं नाही, हे निवृत्त अभियंत्याला सहन होत नाही. आल्या आल्या त्यांनी विचारलं, ‘ड्रॉइंग कुठंय?’ ड्रॉइंग नव्हतं. त्यांनी एक खोका उचलला, कड डोळ्याशी नेली आणि डॉक्टर ‘शुगर वाढलीय’ म्हणतात त्या सुरात म्हणाले, ‘थ्री प्लाय.’

मग आम्हाला पुठ्ठा समजावून देण्यात आला. वर एक सपाट कागद, खाली एक सपाट कागद, मधे नागमोडी कागद, हा झाला थ्री प्लाय. त्यावर आणखी एक नागमोडी आणि आणखी एक सपाट, की फाइव्ह प्लाय. नागमोडीच्या नळ्या ज्या दिशेने जातात त्या दिशेने कापलं तर पातं आपसूक चालतं. आडवं कापलं तर एकेक नळी हुज्जत घालते. नळ्या उभ्या असल्या की भिंत वजन पेलते, म्हणून एकावर एक रचायच्या खोक्यांच्या भिंतींत त्या उभ्याच ठेवतात.

चिरंजीवांनी कडेतून आत डोकावून बघितलं. ‘आजोबा, ही तर संजीवनी माचीच आहे. दोन तट आणि मधे जागा.’

काका सद्गदित झाले. त्यांच्या हाताखालून गेलेल्या कोणाही ट्रेनीने इतकं चटकन काही ओळखलं नव्हतं, असं त्यांनी नंतर मला जिन्यात सांगितलं, आणि ‘आईवर गेलाय’ असंही.

त्या आनंदात त्यांनी पुठ्ठ्याचा इतिहास काढला. हा नागमोडी कागद १८५६ साली इंग्लंडमध्ये निघाला तो उंच हॅटच्या आत अस्तर म्हणून. १८७१ मध्ये अमेरिकेत तो बाटल्यांना आणि दिव्यांच्या काचांना गुंडाळू लागले. आणि एका दाबात कापून, दुमडून तयार होणारा खोका आला तो चक्क अपघाताने. न्यूयॉर्कच्या रॉबर्ट गेअर यांच्या कारखान्यात १८७९च्या सुमारास कागदी पिशव्यांना घडी पाडणारी धातूची पट्टी सरकली आणि पिशव्या कापल्याच गेल्या. दुसरा मालक असता तर त्याने कामगाराचा पगार कापला असता. गेअरना सुचलं की एकाच दाबात कापताही येईल आणि घडीही पाडता येईल.

‘म्हणजे पट्टी सरकली म्हणून शोध लागला?’ चिरंजीवांनी विचारलं.

‘अगदी बरोबर.’

‘आमच्या बाबांची तर रोज सरकते.’

‘सरकते,’ आतून बायकोचा आवाज आला, ‘पण शोध लागत नाही.’

काकांनी ड्रॉइंग करायला घेतलं. तीन बाजूंनी दृश्य, कोपऱ्यात चौकट, चौकटीत ‘तपासले’ची जागा रिकामी. ते होईपर्यंत कोणी काही कापायचं नाही असं ठरलं, आणि त्या काळात आमच्या घरी एकही अपघात झाला नाही. ड्रॉइंग पूर्ण झाल्यावर काकांनी पिवळ्या करवतीकडे बघितलं, काहीही न बोलता खिशात हात घातला आणि हॅकसॉच्या मोडक्या ब्लेडला काळी इन्सुलेशन टेप गुंडाळून केलेली आपली खासगी सुरी बाहेर काढली. देशातल्या प्रत्येक निवृत्त अभियंत्याकडे ही सुरी असते.

‘काका,’ बायको म्हणाली, ‘ती इथे टीपॉयवर ठेवा. जाताना आठवणीने घेऊन जा.’

काकांनी ठेवली. नोकरीत असताना सुरक्षा विभागापुढे कोणाचं चालत नाही हे त्यांना माहीत होतं.

हातमोज्यांचंही सांगायला हवं. ते घातले की काहीच लागत नाही हे शंभर टक्के खरं, कारण ते घातले की काहीच धरता येत नाही. करवत निसटते, पट्टी निसटते, नाक खाजवायचं तर गाल खाजवला जातो. दोन दिवसांनी ते आईने उचलले आणि नारळ खवायला घेतले. ‘एवढं मात्र कामाचं आणलंस,’ ती म्हणाली. प्लास्टिकच्या स्क्रूंनी राजगडाच्या भिंती जोडल्या जातात, पण किल्ला सतत नम्रपणे मान हलवत राहतो. शिवाय ते पसरतात. अंधारात पाणी प्यायला उठलेल्या माणसाच्या अनवाणी टाचेखाली जो स्क्रू येतो तो कोणत्याही वयोगटासाठी सुरक्षित नसतो.

राहता राहिली ग्लू गन. मोठ्यांची गन १९० अंशांच्या आसपास तापते. ही मुलांची, कमी तापणारी, साधारण १२० अंशांवर थांबते. मी चिरंजीवांना समजावलं की त्या मानाने ही गारच.

‘बाबा, पाणी शंभरला उकळतं ना?’

शाळेत हल्ली विज्ञान फार लवकर सुरू करतात.

बायकोच्या आज्ञेने गन फक्त मीच हाताळायची असं ठरलं, म्हणजे मुलाला धोका नको. पहिल्याच संध्याकाळी माझी तर्जनी पद्मावती माचीला चिकटली. ती सोडवताना मधलं बोट बालेकिल्ल्याला लागलं. गोंदाचे बारीक तंतू पंख्यापासून सोफ्यापर्यंत लोंबू लागले. प्रथमोपचाराच्या पेटीत मुलासाठी आणलेल्या, सशांची आणि हत्तींची चित्रं असलेल्या पट्ट्या होत्या. त्या एकामागून एक माझ्या बोटांवर लागत गेल्या. सोमवारी ऑफिसात तिमाहीचे आकडे सांगताना मी पडद्यावरच्या आलेखाकडे बोट दाखवलं आणि साहेब आलेखाऐवजी सशाकडे बघत राहिले.

‘मुलाला काही लागलं का?’

‘नाही सर. तो एकदम सुरक्षित आहे.’

सुरक्षित होता, पण खूश नव्हता. सगळ्या चांगल्या चित्रांच्या पट्ट्या बाबांनी संपवल्या, आपल्याला एकही मिळाली नाही, इतकं जपून राहून आपला काय फायदा झाला, असा त्याचा सूर होता.

त्या रात्री निराश होऊन मी अरविंद गुप्तांचं पुस्तक उघडलं. कचऱ्यातून खेळणी करणारे, पुण्यात आयुकाच्या आवारात मुलांच्या विज्ञान केंद्रात वर्षानुवर्षं रमलेले, २०१८ साली पद्मश्री मिळालेले. त्यांच्याकडे आगपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी एवढ्यात त्रिकोण होतो, चौकोन होतो, घर उभं राहतं. सामानाची ती यादी वाचून मला अपमान झाल्यासारखं वाटलं. पुस्तक मिटून मी हिरव्या चटईकडे तिची किंमत आठवत बघत बसलो.

एव्हाना आईचा फराळ आटोपला होता. इतके दिवस ती चकल्या पाडता पाडता एका डोळ्याने राजगडाकडे बघत होती. आता ती हात पुसत आली आणि खाली बसली. आमचं घोडं अडलं होतं बुरुजांपाशी. पुठ्ठा गोल वळत नाही. वळवला की कचकन मोडतो आणि कोपरा पडतो. आमच्या राजगडाचे सगळे बुरुज षट्कोनी झाले होते. काका म्हणत होते, ‘शास्त्रशुद्ध आहेत.’

आईने पोळपाट मागवला. पुठ्ठ्याची पट्टी त्यावर ठेवली आणि लाटण्याने दाबून दोनदा लाटली. आतली नागमोड दबली, आणि पट्टी मुकाट गोल वळली. काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग ‘फ्लूट क्रश केली’ एवढंच स्वतःशी पुटपुटले आणि ड्रॉइंगवर बारीक अक्षरांत काहीतरी लिहिलं.

नेढ्याचंही तसंच. टोक नसलेल्या टोच्याने भोक पडेना म्हणून मी पुठ्ठा मांडीवर घेऊन कर्कटक चालवलं होतं. त्याचा तपशील इथे नको. भूमितीचं हत्यार किती खोल जातं एवढं कळलं. आईने पुठ्ठ्याखाली कणकेचा गोळा ठेवला आणि नातवाच्या हातात टोक केलेली पेन्सिल दिली. ‘दाब.’ पेन्सिल पुठ्ठ्यातून आरपार गेली आणि कणकेत रुतून बसली. ना बोट, ना टेबल, ना कोणाची मांडी. मग बोटाने फिरवून फिरवून त्याने भोक मोठं केलं, आणि नेढं हुबेहूब ओबडधोबड झालं. त्या कणकेच्या रात्री पोळ्या झाल्या. माझ्या वाटच्या पोळीवर शिसपेन्सिलीचा ठिपका होता.

ग्लू गन माळ्यावर गेली (मी चढलो नाही, वॉचमनला बोलावलं) आणि आईने मैद्याची खळ शिजवली. खळ ढवळता ढवळता ती म्हणाली, ‘बाइंडर लोक यात मोरचूद घालतात, मग झुरळं लागत नाहीत. थोडं आहे का रे घरात?’

‘आई!’ बायको ओरडली. तिच्या कारखान्यात मोरचूद कुलपात असतं आणि किल्ली दोन सह्या केल्याशिवाय मिळत नाही.

‘बरं बाई, राहिलं. लागू देत झुरळं.’

कापण्याचा मुद्दा तिने सर्वांत शेवटी घेतला. जिथे कापायचं तिथे पट्टी धरून चमच्याच्या दांड्याने दाबून रेघ ओढायची. मग ती रेघ टेबलाच्या कडेवर आणून पुठ्ठा दुमडायचा, उलटा दुमडायचा. एवढं झाल्यावर फ्रिजवरची साधी कात्री रेघेवरून सरळ जाते. ती कात्री तिने नातवाच्या हातात दिली. मी पुढे झालो.

‘अगं, लागेल त्याला!’

‘तू समोरून ऊठ,’ आई म्हणाली, ‘म्हणजे नाही लागणार.’

या बाईच्या देखरेखीखाली मी विळी, पाटा-वरवंटा, पंप मारायचा रॉकेलचा स्टोव्ह आणि कठडा नसलेली विहीर यांच्या संगतीत वाढलो. त्यांतल्या एकावरही वय लिहिलेलं नव्हतं. अमेरिकेत रॉचेस्टर गावी खेळण्यांचं एक संग्रहालय आहे. त्यांनी आपल्या मानकऱ्यांच्या यादीत २००५ साली रिकाम्या खोक्याला आणि २००८ साली झाडाच्या काठीला जागा दिली. खोक्याचं मी समजू शकतो. पण काठीला आमच्या लहानपणी कोणी खेळणं म्हणत नसे. ती मास्तरांकडे असे.

किल्ला उभा राहिला. चांगला दिसत होता. खळीत बुडवलेलं जुनं धोतर वरून चिकटवलं, गेरू दिला, आणि सेक्रेटरींची नजर चुकवून कुंडीतली दोन मुठी माती भुरभुरली. तिच्यावर हळीव पेरले. हळिवाशिवाय किल्ला असतो का? किल्ला बाल्कनीत ठेवला आणि हळिवाला हलकासा पाण्याचा हबका मारायचं ठरलं. कोणी मारायचा हे ठरलं नाही. सकाळी पूजेनंतर आईने मारला. ऑफिसला जाताना मी. चिरंजीवांनी शाळेतून आल्यावर, काकांनी चहाला आल्यावर (‘मातीला मॉइश्चर पाहिजे’), आणि रात्री दिवे मालवताना, हळीव कोरडे दिसतात म्हणून, बायकोने. कोणी कोणाला विचारलं नाही. चांगलं काम करताना माणूस फार चर्चा करत नाही.

तिसऱ्या दिवशी हळीव तरारून वर आले आणि राजगड खाली बसला. संजीवनी माचीच्या दोन्ही तटांनी एकदमच गुडघे टेकले. थ्री प्लायचे प्लाय सुटे झाले. बालेकिल्ला कललेल्या अवस्थेत तग धरून होता. आईने मावळे आणि महाराजांची मूर्ती आधीच उचलून कोनाड्यात नेऊन ठेवली होती. बायकोने केस वाळवायचं यंत्र आणलं, काका म्हणाले, ‘सुकल्यावर ताकद परत येईल,’ आणि तशाच अवस्थेत, एका परातीत घालून, आम्ही राजगड लिफ्टने स्पर्धेला खाली उतरवला.

पार्किंगमध्ये दृश्य पाहण्याजोगं होतं. बी विंगचा प्रतापगड आर्किटेक्टच्या मुलीचा. बुरुजाबुरुजावर दिवे लागत होते. सी विंगच्या रायगडाला चालू रोपवे होता. त्याचा रचनाकार, वय वर्षे सहा, बाजूला उभा राहून रिमोट मिळावा म्हणून वडिलांकडे रडत होता. प्रत्येक किल्ल्यामागे एकेक बाप हात पाठीशी घेऊन उभा. परीक्षक म्हणून आलेल्या चित्रकलेच्या बाईंनी किल्ल्यांऐवजी ते हात पुढे करायला लावले असते तर निकाल पाच मिनिटांत लागला असता. पट्ट्या, बँडेज, भाजल्याचे फोड. ई विंगच्या एकाचा तर अख्खा अंगठा फडक्यात. मुलांची बोटं स्वच्छ होती.

बाई आमच्या परातीपाशी आल्या. ‘यातलं तू काय काय केलंस बाळ?’

‘नेढं मी केलं,’ चिरंजीव म्हणाले. ‘जे पडलंय ते बाबांनी केलं होतं.’

पहिला नंबर ए विंगच्या दुसरीतल्या मुलीला मिळाला. तिने टीव्हीचा खोका उलटा ठेवला होता, स्केचपेनने दार काढलं होतं, वर ‘कील्ला’ असं लिहिलं होतं आणि दारात एक मावळा, एक डायनासोर उभा केला होता. नियमात बसणारा तेवढा एकच किल्ला होता. तिचे वडील महिनाभर दौऱ्यावर होते.

भाऊबीज झाल्यावर परात रिकामी करताना चिरंजीवांनी जाहीर केलं, ‘पुढच्या वर्षी आपण सिंधुदुर्ग करू. टबमध्ये. खऱ्या पाण्यात.’

मी बायकोकडे बघितलं. बायकोने माझ्या बोटांकडे बघितलं.

‘त्यात काय,’ आई म्हणाली, ‘पुठ्ठ्याला मेण पाजायचं. पाणी शिरत नाही.’

‘वितळलेलं मेण?’ बायको म्हणाली.

‘मुलांसाठी कमी तापणारं मेण मिळतं,’ मी म्हणालो आणि फोन उघडला.

काका ड्रॉइंगचा कागद आणायला चौथ्या मजल्यावर गेले होते. बायको काही बोलली नाही. तिने प्रथमोपचाराची पेटी पुढ्यात ओढली आणि संपलेल्या सामानाची यादी करायला घेतली. सशांच्या पट्ट्या, दोन डबे. त्याखाली तिने लिहिलं : मोठ्या मापाच्या.